तांबड्या पेन्सिलीचा ह

संपादकांनी फोनवर सांगितलं, "पोस्टातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, वाचकांना हलकंफुलकं लागतं." मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. बसले म्हणजे काय, एवढं लिहिण्यात दोनदा उठून दाराची कडी बघून आले. कडी लागलेलीच होती. माझा हा स्वभाव जन्माचा नाही, नोकरीने लावलेला आहे. ज्या बाईने आयुष्याची उमेदीची वर्षं हरवलेली पार्सलं शोधण्यात घालवली, तिला कुठलीही वस्तू जागेवर आहे यावर विश्वास ठेवणं जड जातं. आमचे हे म्हणायचे, "सुलभा, तू जेवतेस पण पंगतीतली पानं मोजल्यासारखी." ते काही खोटं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपता संपता मी पनवेल तालुक्यातल्या एका पोस्टात होते. आधी पत्रं आणि पार्सलं गावोगावच्या थैल्यांत लावायचं काम, आणि पुढे त्याच्या जोडीला तक्रारीचं टेबल. म्हणजे सकाळी चुका करायच्या आणि दुपारी त्या निस्तरायच्या, असं आमचे पोस्टमास्तर म्हणायचे. त्यांचं हे बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

एक गोष्ट आधी सांगते. पार्सल हरवत नाही, ते चुकतं. चोरीमारीची प्रकरणं असतात, नाही असं नाही, पण शंभरातली नव्वद पार्सलं कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात, चुकीच्या थैलीत, चुकीच्या गावी मुकाट बसलेली असतात. त्यातही दोन जाती. रजिस्टर केलेलं पार्सल म्हणजे आईबाप असलेलं लेकरू. त्याला नंबर असतो, ते ज्या ज्या हातातून जातं त्या प्रत्येकाला सही करावी लागते, हरवलं तर मागोमाग जाता येतं. साधं पार्सल मात्र देवाच्या भरवशावर. तिकीट लावलं, थैलीत टाकलं, राम राम. ते कुठून कुठे गेलं हे फक्त त्या पार्सलालाच ठाऊक.

म्हणून खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच ते पुराण ऐकवायची. पत्ता कागदावर लिहून चिकटवू नका, डिंक सुटतो. कापड शिवून त्यावर लिहा. शाईच्या पेनाने लिहू नका, पावसात पत्त्याची रांगोळी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते लिहून ती आतसुद्धा टाका. लोकांना हे शेवटचं पटायचं नाही. "आत कोण वाचणार हो?" म्हणायचे. मी वाचणार, मी!

एकदा सांगलीकडून नवीन पनवेलला निघालेली लोणच्याची बरणी थैलीत फुटली. तेलाने सगळ्या थैलीचे पत्ते असे भिजले की कागदाच्या आरपार दिसायला लागलं. बरणीचा मालक म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. मुंबईतली जागा सोडून नव्या सेक्टरात राहायला आलेले. त्यांना लोणच्याचं दुःख नव्हतं. "पत्त्यात नुसतं सेक्टर लिहिलं होतं, इमारत नव्हती, तरी तुम्ही मला शोधलंत कसं?" एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मास्तर, तुमच्या सेक्टरात लोणचं आलं का म्हणून रोज विचारणारे तुम्ही एकटेच आहात." ते खूश होऊन गेले, आणि मी आठवडाभर हाताला मेथीचा वास घेऊन हिंडले.

आता माझ्या ह ची गोष्ट. आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत बोलताना ह गळतो. आम्ही नाही, आमी. म्हातारा नाही, मातारा. हे बोलण्यात गोड लागतं, पण पत्त्यात उतरलं की पोस्टाच्या पोटात गोळा येतो. कारण पत्ता सांगणारा गावचा असतो आणि लिहून घेणारा परगावचा. तो ऐकू येईल तसं लिहितो. आमच्या ऑफिसात धर्मा पाटील म्हणून पोस्टमन होते, खाडीकडच्या गावचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना सदा चिडवायची, "धर्माकाका, तुमचे ह कुठे पडले ते एकदा शोधून देते." ते म्हणायचे, "बाय, तुमच्याकडं लय आयत, त्यातलाच एक द्या."

एकदा मस्कतहून एक टेपरेकॉर्डर आला, आशा म्हात्रे यांच्या नावाने. गावात आशा म्हात्रे तीन. तिघींनी दावा सांगितला, एकीच्या नवऱ्याने दुसरीच्या दिराची गचांडी धरली. धर्माकाका पार्सल परत घेऊन आले. मी पत्त्याकडे बघत बसले. मग तांबडी पेन्सिल घेतली आणि नावाच्या आधी एक ह लिहिला. 'हशा'. बोलण्यात त्याचं 'अशा' झालं होतं आणि लिहून घेणाऱ्याने 'आशा' केलं होतं. हशा म्हात्रे हे त्याच गावातले एक म्हातारे गृहस्थ, त्यांचा नातू मस्कतला. पार्सल त्यांचंच निघालं. पोस्टमास्तरांनी सगळ्या ऑफिससमोर माझं कौतुक केलं आणि त्या दिवसापासून आमच्याकडे नियमच झाला: पत्ता लागत नसेल तर सुलभाबाईंकडे द्या, त्या ह लावून बघतील. किती पार्सलं लागली त्याने! उसगाव, ऐबत, ऊशार भोईर, सगळ्यांना मी ह वाटले. माझ्या टेबलावर ती तांबडी पेन्सिल कायम टोक काढून ठेवलेली असायची. मला तिचा गर्व होता, आणि तो मी लपवलाही नव्हता.

त्या हिवाळ्यात एका गुरुवारी लक्ष्मण वाघमारे खिडकीशी आला. तळोज्याच्या वाटेवरच्या वीटभट्टीवर तो कामाला होता. गुरुवारी बाजार, म्हणून भट्टी अर्धा दिवस बंद. अंगावर विटेची तांबूस धूळ, आणि कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी. एवढी मोठी मुलगी कडेवर का, ते तिचा डावा पाय लोंबताना दिसला तेव्हा कळलं. पोलिओ.

"बाय, पोरीचा बूट आला का?"

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तिचं माप घेतलं होतं. आजारी पाय आखूड, म्हणून त्या पायाला जाड तळाचा बूट करायचा, म्हणजे ती सरळ उभी राहील. तिथल्या समाजसेविका बाईंनी त्याला सांगितलं होतं, पुन्हा खाडा करून येऊ नकोस, बूट पोस्टाने पाठवते. आठ-दहा दिवसांत येईल. त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते.

मी विचारलं, "राहतोस कुठे?"

"भट्टीवर."

"पत्ता काय सांगितलास त्यांना?"

"आमी राहतो तो."

मी भट्टीच्या मालकाच्या नावाने आलेली पार्सलं बघितली. नव्हतं. "पुढच्या गुरुवारी ये," म्हटलं. तो आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. मुलगी कडेवरून माझ्या टेबलावरची पेन्सिल बघत असायची. ती कधी काही बोलली नाही. बाप नेहमी तेच विचारायचा, मी नेहमी तेच सांगायची, आणि तो म्हणायचा, "नाय आला? बरा." त्या 'बरा'ने माझं डोकं उठायचं. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं. हेडमास्तर एका बरणीसाठी रोज विचारायला येत होते, आणि हा माणूस पोरीच्या पायासाठी 'बरा' म्हणत होता.

मी इस्पितळाला पत्र टाकलं. त्या समाजसेविका बाई रजेवर गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी कळवलं, बूट साध्या पार्सलाने पाठवला आहे, पत्त्याची नोंद आमच्याकडे नाही. साधं पार्सल! मी ते पत्र हातात घेऊन ऑफिसात येरझाऱ्या घालत होते. पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, बसा हो. फरशी झिजेल."

बसवत नव्हतं. गोदामातल्या रिकाम्या थैल्या उलट्या करून झटकल्या. कळंबोलीला ट्रकने टपाल जायचं, तिथे जाऊन ट्रकचा तळ बघितला. एक दिवस रजा टाकून मुंबईला, बेवारस टपाल जिथे जमा होतं त्या ऑफिसात गेले. तिथल्या मांडण्यांवर काय नव्हतं! जपमाळा, दातांची कवळी, कुणाच्या तरी लग्नाच्या बांगड्या. तिथल्या कारकुनाला मी विचारलं, "एकच बूट आलाय का?" तो म्हणाला, "बाई, एकच बूट कोण पाठवेल?" मला त्याचा राग आला. घरी येऊन भात करपवला तो त्या दिवशी.

मार्च झाला, एप्रिल झाला. लक्ष्मण येत राहिला. मे महिन्यात तो शेवटचा आला. पाऊस तोंडावर आला की भट्ट्या बंद होतात आणि माणसं आपापल्या गावी, डोंगराकडे जातात. तो म्हणाला, "बाय, आता दिवाळीच्या मागं येन. तवर आला तर ठेवा." मुलीला त्याने खाली उभं केलं होतं. एक हात बापाच्या मांडीवर, दुसरा माझ्या खिडकीच्या गजाला. ती एका बाजूला कलून उभी होती.

तो पावसाळा मी कसा काढला, माझं मला माहीत. कुठलंही साधं पार्सल हातात आलं की मी ते दाबून बघायची, आत बूट लागतो का. ऑफिसातल्या लोकांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मला वाटत होतं, कुणीतरी कुठेतरी हलगर्जीपणा केला आहे, आणि तो माणूस मला सापडला तर मी त्याला सोडणार नाही.

दिवाळी झाली, भट्ट्या पुन्हा पेटल्या. एक दिवस धर्माकाका उशिरा परतले. मी त्रासून विचारलं, "एवढा वेळ कुठे होतात?"

"ओळीत गेलतो."

"होळीत? काका, आत्ता कुठली होळी?"

ते हसले. "शिमग्याची नाय बाय. ओळ. भट्टीवर झोपऱ्या एका रांगंत बांधतात ना, ती ओळ. आता दोन-तीन झाल्यात, लोक ओळीची वाडी बोलतात तिला."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली, असं लिहायला बरं दिसेल. पडली नाही. मी ती घट्ट धरून बसले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जागेवरून उठता येत नव्हतं. कारण मला तो पत्ता आठवला. पांढरं कापड, निळी अक्षरं. 'लक्ष्मण वाघमारे, ओळीची वाडी, तालुका पनवेल.' आणि मी हसून, होय, हसून, कुणाला तरी दाखवून त्या 'ओ'च्या डोक्यावर टिचकी मारल्यासारखा तांबडा ह ठोकला होता. होळीची वाडी. डोंगराच्या पायथ्याची, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाची वस्ती. तिथेही वाघमारे पुष्कळ, आणि माझ्या हातून रोज इतके वाघमारे जायचे की नाव ध्यानात राहिलं नव्हतं. माझा मला केवढा अभिमान वाटला असेल तेव्हा!

इस्पितळातल्या बाईंनी त्याला 'वाडी कुठली' असं विचारलं असणार, म्हणून त्याने 'ओळीची' सांगितलं. मी त्याला तसं कधी विचारलंच नाही. भट्टीवरच्या माणसालाही वाडी असते, तिला नाव असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीने होळीच्या वाडीला गेले. तिथलं पोस्ट म्हणजे एका किराणा दुकानातलं कपाट, आणि दुकानदार हेच पोस्टमास्तर. मी विचारायच्या आत त्यांनी फळीवरून पार्सल काढलं. ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधलेलं, वर कडुनिंबाचा पाला ठेवलेला.

"वाडीतली माणसं दिवाळीनंतर भट्टीवर जातात," ते म्हणाले. "म्हटलं पावसात येतील. आली, पण आमच्या वाडीतलाही एक लक्ष्मण वाघमारे आहे, तोच आला नव्हता. म्हणून ठेवलं जपून."

"परत का नाही पाठवलंत? किंवा निदान विचारायचं."

"पाठवणाऱ्याचा शिक्का पुसलाय बघा. आणि बाई," त्यांनी पार्सल माझ्यापुढे धरलं, "हा तांबडा ह बघितला. म्हटलं, मोठ्या ऑफिसातून तपासून आलंय. चूक कशी असेल?"

मला जो हलगर्जी माणूस सापडायला हवा होता, तो सापडला होता.

परस्पर भट्टीवरच गेले. लक्ष्मण ओल्या विटा मांडत होता. मला बघून हात पुसत आला. पार्सल त्याच्या हातात दिलं, त्याने दाताने टाके तोडले. काळा बूट, तळ चार बोटं जाड. ओळीतली सगळी बायामाणसं जमली. मुलीला विटांच्या ढिगावर बसवून त्याने तिच्या पायात बूट घातला. अकरा महिने झाले होते, पोर वाढली होती, पाय शिरेल का? शिरला. बेताचा बसला. आजारी पाय वाढतच नाही फारसा, हे मला नंतर कळलं. बायका हसल्या, एकीने टाळी वाजवली. मलाही रडू आलं.

मग ती उभी राहिली. आणि कलली.

पूर्वीइतकी नाही, पण कललीच. कुणालाच काही कळेना. लक्ष्मण खाली बसला, त्याने तिचे दोन्ही गुडघे हातांनी चाचपले. बराच वेळ चाचपले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगला पाय वाढला, बाय."

मी तिथेच त्या विटांमध्ये उभी राहून त्याला सगळं सांगितलं. माझी पेन्सिल, माझा ह, होळीची वाडी. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. त्याला ह चं प्रकरण समजलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरा. तुमी आणला ना." लोक म्हणतील, केवढं मोठं मन! मला ते मोठं मन अजून सोसत नाही. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे शांतपणे एका बैठकीत लिहिलं असतं.

पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एक चांभार बसायचा. त्याने ट्रकच्या जुन्या टायरची चकती कापून त्या तळाला ठोकली. तात्पुरतं काम भागलं. पुढच्या आठवड्यात मी रजा काढून दोघांना मुंबईला घेऊन गेले. इस्पितळात नवं माप घेतलं. ते बूट करणारे गृहस्थ म्हणाले, वाढीच्या वयात दरवर्षी माप बदलतं, वेळेवर मिळाला तरच उपयोग. ते सहज बोलले. मी मान खाली घातली.

शेवटी पत्ता लिहायची वेळ आली. त्या समाजसेविका बाई आता रजेवरून परतल्या होत्या. त्यांनी पेन उचललं तसं मी ते त्यांच्या हातातून मागून घेतलं. म्हटलं, रजिस्टर करायचं, आणि या वेळी पार्सल बापाच्या नावाने नको, जिचा बूट तिच्या नावाने येऊ दे. आणि मग पेन कापडावर टेकवून मी थांबले. एवढे गुरुवार ती माझ्या खिडकीशी आली होती. मी तिचं नावच विचारलं नव्हतं.

"नाव काय गं तुझं?"

ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "इरी."

हिरी! आमच्या भागात दर दोन घरांआड एक हिरी असते. माझा हात सवयीने तो ह काढायला निघालासुद्धा, पेनाचं टोक टेकलं, कापडावर निळा ठिपका उमटला.

"हिरी का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि सावकाश, मला नीट ऐकू यावं म्हणून म्हणाली, "इरी."

तिचं खरं नाव काय होतं, मला आजही माहीत नाही. तिने सांगितलं तसं लिहिलं: इरी लक्ष्मण वाघमारे, ओळीची वाडी. पार्सल आठव्या दिवशी पोचलं.